धंद्यातली कामं सोपवायची कशी? काय सोडलंत, काय हातात ठेवलंत?

तांबडीमाती

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचा कोकम सरबत, आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस), आमसुलं आणि फणसपोळीचा छोटा कारखाना आहे. वाडीतल्या सहा जणी वर्षभर असतात, एप्रिल-मेमध्ये आणखी काही जणी येतात. मालाला उठाव आहे. पुण्या-मुंबईचे दुकानदार घेतात, महामार्गावरच्या हॉटेलांत बाटल्या जातात, शिवाय व्हॉट्सअॅपवर घरगुती ऑर्डरी.

अडचण अशी की सगळं येऊन माझ्यापाशी थांबतं. सरबताची साल-साखरेची बरणी उन्हातून कधी आत घ्यायची, आज गाळायचं की उद्या, गाडीवाल्याला भाडं किती द्यायचं, बाटली फुटून आली तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं. रत्नागिरीला सामान आणायला गेले की दिवसभर फोन. बायका हुशार आहेत, हातही माझ्यापेक्षा चलाख आहेत. तरी मी 'हो' म्हटल्याशिवाय पान हलत नाही. आणि जी कामं मलाच करायला हवीत, म्हणजे नवी दुकानं बघणं, बँकेची फाइल, बाटलीचा आकार, ती महिनोन्‌महिने पडून राहतात.

माझं मत असं बनत चाललंय की काम वाटून देणं सोपं, निर्णय वाटून देणं अवघड. तुम्ही आधी काय सोडलंत? अजून काय सोडत नाही? आणि ज्याच्यावर सोपवलंत त्याला नेमकं काय सांगितलंत? शिमगा झाला की कोकमं सुरू, म्हणून आत्ताच विचारतेय.

गुहागरी_आमराई

ताई, प्रश्न अगदी वेळेवर आलाय. माझी हापूसची बाग आहे. आंबा उतरवायचं काम मी पूर्णपणे गड्यांवर सोडलंय, आणि फक्त उतरवायचं नाही, कुठलं फळ उतरवायचं हेसुद्धा.

"तयार आंबा काढा" असं सांगून भागत नाही. प्रत्येकाचं 'तयार' वेगळं. जुनी माणसं चौदा आणे म्हणत, म्हणजे सोळा आण्यांतले चौदा, जवळजवळ पूर्ण तयार, पण ते कळायला नजर लागते आणि नजर यायला वर्षं जातात. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. देठाजवळ खांदे भरून वर आलेत आणि मध्ये खड्डा पडलाय. साल गर्द हिरवी न राहता फिकी झालीय. तरी शंका वाटली तर बादलीत टाका. बुडलं तर तयार, तरंगलं तर कोवळं, त्या झाडाला अजून हात लावायचा नाही. देठ ठेवून झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढायचं, चीक सालीवर ओघळता कामा नये. एवढं सांगितलं की प्रत्येक फळासाठी मला विचारायला कोणी येत नाही.

सकाळी काढणी चालू असताना मी बागेत जात नाही. गेलो की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. दुपारी प्रत्येक गड्याच्या क्रेटमधली काही फळं बघतो, तेवढंच. वाशीला माल कधी पाठवायचा आणि कोणत्या दलालाकडे, ते मात्र माझ्याकडे आहे.

पागोळी

बादलीची युक्ती ऐकून होते, पण गड्यांच्या हातात बादली द्यायची हे सुचलं नव्हतं. छान.

जुना_बागायतदार

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. चाळीसेक वर्षं धंदा बघतोय. चव आणि उधारी या दोन गोष्टी मालकाने मरेपर्यंत सोडू नयेत. गिऱ्हाईक बाटली घेतं ते तुमच्या हातावर विश्वास ठेवून. उद्या बाटली आंबट लागली तर कामाला असलेल्या बाईचं नाव कोणी घेणार नाही, तुमचंच घेतील. उधारीचंही तेच. कोणाला किती दिवस थांबायचं हे माणूस बघून ठरतं, आणि माणूस तुम्ही ओळखता. फोन येतात म्हणून त्रास होत असेल तर फोन यावेत, त्यात वाईट काय?

हर्णैची_लाट

काका, उधारीबाबत तुमच्याशी सहमत. चवीबाबत नाही.

आमचं हर्णैजवळ घरगुती निवास आहे, खोल्या थोड्या पण जेवायला बाहेरचेही येतात. बंदरावरच्या लिलावात मासे घ्यायला आमची स्वयंपाकीण मावशी जाते. मासळी कालची की आजची हे तिला कल्ले उचलून क्षणात कळतं, मी तिच्या निम्म्यानेही ओळखू शकत नाही. मग मी घरी बसून "आज पापलेटच आण" असं का सांगावं? पापलेट महाग असेल तर ती सुरमई आणेल, तीही नसेल तर बांगडे किंवा मांदेली.

आमचं ठरलंय ते एवढंच: एका थाळीमागे माशाचा खर्च अमुक रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि संध्याकाळी किती पानं आहेत ते मी तिला आदल्या रात्री सांगायचं. माशाचा भाव तिने बघायचा, थाळीचा खर्च मी बघायचा. फळ्यावर आजचं जेवण ती परत आल्यावर लिहिलं जातं, आधी नाही. पाहुण्यांना फोनवर पापलेटचं वचन द्यायचं नाही हा नियम मला पाळावा लागतो, आणि मी पाळते.

देवगडचो_दर्यो

ह्यो प्रश्न दर्यार कवाच सुटलोहा. आमच्या बोटीर तांडेल आसा. जाळा खय टाकूचा, वारो वाढलो तर थांबाचा काय मागे फिराचा, ह्या सगळा तोच ठरवता. मालक किनाऱ्यार बसान थयसून काय सांगतलो? डिझेल आणि बर्फाचो खर्च काढून उरता त्याचे वाटे होतत, तांडेलाचो वाटो खलाशापेक्षा मोठो. वाटो आसा म्हणान तो बोट आपली समजता.

बाय, कामाच्या बायकांका नफ्यातलो वाटो दी. मगे फोन आपसूक कमी येतले.

चाकरमानी_डोंबिवली

मी नोकरीवाला, धंद्याचा अनुभव नाही, पण ऑफिसात लोकांकडून कामं करून घेतो म्हणून लिहितो. कामांची यादी ठेवणारी मोफत अॅप्स आहेत. प्रत्येकीला काम नेमून द्या, झालं की ती खूण करेल, तुम्हाला रत्नागिरीत बसून दिसेल.

सुरंगीचा_वळेसर

दादा, आमच्या वाडीत रेंज यायला विहिरीजवळच्या गडग्यावर उभं राहावं लागतं. तिथे आधीच रांग असते. :)

चाकरमानी_डोंबिवली

मान्य! मग अॅप सोडा, वही घ्या. आमच्याकडे नव्या माणसाला काम सोपवण्याआधी आम्ही हेच करतो. आठवडाभर तुम्हाला जो जो प्रश्न कोणी विचारेल तो लिहून ठेवा, उत्तरही लिहा. आठवड्याच्या शेवटी बघा. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न वेगळे काढा. ज्यांचं उत्तर दर वेळी एकच होतं, त्यांचा नियम करून भिंतीवर लावा. ज्यांचं उत्तर दर वेळी बदललं, तिथे तुम्ही काय बघून ठरवलंत ते शोधावं लागेल. तुम्हालाच ठाऊक असलेलं सगळं त्या दुसऱ्या ढिगाऱ्यात असतं.

तांबडीमाती

दादा, वहीचं खरंच पटलं. आजच एक दोनशे पानी काढते.

काका, तुमचं म्हणणं मी टाळत नाहीये. चव सोडायची म्हणजे ती कशीही होऊ द्यायची असं मला नकोच आहे. पण मी आजारी पडले तर हंगाम बुडणार का? ही भीती मनातून जात नाही. आणि दर्या दादा, वाट्याचं फार महत्त्वाचं बोललात, त्यावर अजून कोणी लिहा.

काजूबोंडू

वाट्यावर मी लिहिते. मी मालकीण नाही. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात ग्रेडिंग बघते. इथे सगळे मालक लिहितायत म्हणून दुसऱ्या बाजूने सांगावंसं वाटलं.

आमच्या कामात अख्खा गर, पाकळी, तुकडा असं वेगळं होतं. मग अख्ख्यात आकारावर. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडाला ३०० ते ३२० गर, डब्ल्यू-२४० म्हणजे २२० ते २४०. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. एका टोपलीत चुकीचे गर मिसळले तर व्यापारी अख्ख्या लॉटचा भाव पाडतो. म्हणजे आमच्या टेबलावर रोज मालकाचे हजारो रुपये इकडचे तिकडे होत असतात.

मला हे काम दिलं तेव्हा मालकांनी तीन गोष्टी केल्या. ग्रेडप्रमाणे नमुन्याच्या काचेच्या बरण्या टेबलावर ठेवल्या, भांडण झालं की बरणीशी लावून बघायचं. सगळ्या बायकांसमोर सांगितलं की ग्रेडचं ही सांगेल ते, माझ्याकडे यायचं नाही. आणि त्याच महिन्यापासून पगार वाढवला.

तिसरी गोष्ट नसती तर मी वर्षभरात सोडलं असतं. आधीच्या ठिकाणी "तू आता बघ हं सगळं" म्हणून जबाबदारी आली, पगार तोच, आणि चुकलं की बोलणी मला. अशा वेळी माणूस काय करतो? प्रत्येक गोष्ट मालकाला विचारून करतो, म्हणजे चूक आपल्या डोक्यावर येत नाही. ताई, तुमच्याकडे बायका सारख्या विचारायला येतात त्यामागे हे नाही ना, एवढं बघा. त्यांना येत नसेल असं मला वाटत नाही.

पागोळी

हा प्रतिसाद मी आमच्या ह्यांना वाचून दाखवला.

गुहागरी_आमराई

काजूबोंडू ताई, फार नेमकं लिहिलंत. दुसरी गोष्टसुद्धा पैशाइतकीच मोलाची आहे. सगळ्यांसमोर सांगणं. आमच्याकडे घरातलीच माणसं मधे पडतात. मी गड्याला एक सांगतो, वडील येऊन दुसरं सांगतात. बिचाऱ्याने कोणाचं ऐकायचं? आता ठरलंय: काढणीचं मुकादमाशी बोलायचं, पॅकिंगचं बायकोशी. वडीलसुद्धा मुकादमामार्फतच सांगतात. जड गेलं त्यांना, पण पाळतात.

मिरग

विषयांतर होतंय, पण आमच्याकडे सोपवायला माणसंच कुठे आहेत? तरुण मुलं मुंबईला. बागेत राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसं येतात, तीही हंगामापुरती. शिकवलेलं माणूस पुढच्या वर्षी येईल याची खात्री नाही.

हर्णैची_लाट

खात्री नाही म्हणूनच लिहून ठेवायचं. आमच्या मावशीच्या हाताखाली तिची भाची आहे. लिलावाला दोघी जातात, आठवड्यातून एकदा बोली भाचीने लावायची. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा कोणीच कामावर नसतं हे धरून चाला, गणपतीत तर मालकही नसतो. पण एरवी एक नसेल तर दुसरी, एवढं तरी हवं. आणि नेपाळी कुटुंबं बऱ्याच बागांत वर्षानुवर्षं तीच येतात. नीट वागवलं की येतात.

मिरग

ते खरंय. आमच्या शेजारच्या बागेत तीच कुटुंबं येतात, आमच्याकडे दर वर्षी नवी. आता विचार करायला हवा.

कलमी_फांदी

मी सरळ बाग कराराने देतो. वर्षाची रक्कम ठरली, की फवारणी, राखण, काढणी सगळं करारदाराचं. डोक्याला ताप नाही. यालाच सोपवणं म्हणत नाहीत का?

गुहागरी_आमराई

दादा, त्यात निर्णयाबरोबर नफा-तोटाही गेला आणि बागेवरची नजरही गेली. करारदार यंदाचं पीक बघतो, झाडाचं पुढचं आयुष्य बघेलच असं नाही. तुम्हाला परवडत असेल तर उत्तम, पण ताईंना कारखाना चालवायचाय, भाड्याने द्यायचा नाहीये.

हिशेबनीस_चिपळूण

पैशाच्या बाजूने लिहितो. छोट्या धंद्यात लोक काम देतात पण खर्चाचा अधिकार देत नाहीत, आणि मग पन्नास रुपयांच्या चिकटपट्टीसाठीही मालकाला फोन येतो. किरकोळ खर्चासाठी एक ठरावीक रक्कम डब्यात ठेवा. खर्च झाला की पावती किंवा चिठ्ठी डब्यात. पैसे अधिक चिठ्ठ्या मिळून बेरीज कायम तेवढीच यायला हवी. संपत आले की चिठ्ठ्या घेऊन तेवढी भर घाला. यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मोजून दिसतं.

गिऱ्हाइकाच्या तक्रारीलाही मर्यादा ठरवा. अमुक रुपयांपर्यंतची बाटली फुटली तर न विचारता दुसरी पाठवायची, फोटो तेवढा मागायचा. त्याहून मोठं असेल तर तुम्हाला विचारायचं.

माल घेणारा आणि पैसे देणारा एकच नको. साखर एकीने उतरवून, वजन करून वहीत लिहावी, बिल दुसरीने वहीशी ताडून मग पैसे द्यावेत. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरत नाहीत (गाडीभाड्याला मर्यादा जास्त आहे), हेही त्यांना सांगून ठेवा.

आता काय द्यायचं नाही ते. बँकेचा ओटीपी आणि पासवर्ड कोणालाच नाही. मासिक जीएसटी भरत असाल तर विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखा तुमच्या डोक्यात हव्यात, भरणारा कोणीही असो. आणि अन्न परवाना ज्याच्या नावावर त्याचीच कायद्याने जबाबदारी, काम कितीही वाटलं तरी. जुने बागायतदार काका म्हणतात त्यातला हा भाग खरा आहे.

जुना_बागायतदार

धन्यवाद हिशेबनीस. मी एवढंच म्हणत होतो. काजूबोंडू यांचं लिखाणही वाचलं, पगाराचं त्यांचं शंभर टक्के बरोबर.

चितारआळी

सावंतवाडीत आमचं लाकडी खेळण्यांचं काम. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. दिलेलं काम रात्री बसून स्वतः परत करू नका.

रंगकाम दुसऱ्याने केलं की त्याची रेघ माझ्यासारखी येत नाही. लाकडी फळांच्या संचात एखाद्या आंब्याची लाली गालावर जरा जास्त असते. मनाला लागतं, हात शिवशिवतो. पण मी ते पुसून पुन्हा रंगवलं की सकाळी त्याला दिसतं. तो काही बोलत नाही, पुढच्या वेळी मन लावून रंगवतही नाही, कारण मालक करणारच आहे. त्यापेक्षा त्याला शेजारी बसवून पुढचा नग त्याच्याकडूनच करून घ्यायचा. आणि आधी स्वतःला विचारायचं: हे चुकलंय, की फक्त माझ्यासारखं नाही? खेळणं सुबक असेल, रंग निघत नसेल, तर ती त्याची रेघ. असे नग विकले जातात, लहान मुलं हरखून घेतात.

तांबडीमाती

चितारआळी दादा, हे वाचून थांबलेच थोडी. फणसपोळी पसरायचं काम अगदी असंच आहे. मी पसरते ती पातळ, आमच्या एक काकू पसरतात ती थोडी जाड. जाडवाली वाळायला एक ऊन जास्त लागतं, पण खाणाऱ्यांना ती आवडते.

सरबताच्या गोडीचं मात्र असं चालणार नाही. एक किलो कोकमाच्या सालीला दोन किलो साखर हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. पण साल कधी रसाळ, कधी कोरडी. रस पुरेसा सुटला, साखर पूर्ण विरघळली, आता गाळा, हे मी बोटाला चिकटपणा बघून ठरवते. ते बोट कोणाला कसं देऊ?

सुरंगीचा_वळेसर

फणस पिकला की नाही हे आमच्याकडे आजी टिचकी मारून ठरवते. घरात दुसऱ्या कोणाला तो अधिकार मिळायची चिन्हं नाहीत, त्यामुळे मीही उत्तराच्या प्रतीक्षेत.

पायरीवरचा

अन्नप्रक्रिया शिकलोय दापोलीच्या कृषी विद्यापीठात, म्हणून उत्तर देतो. ताई, बोटाऐवजी रिफ्रॅक्टोमीटर द्या. हातात मावणारं उपकरण असतं. काचेवर थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, विरघळलेल्या साखरेचा आकडा दिसतो. फळांच्या सिरपसाठी अन्न मानकात विद्राव्य घटक किमान ६५ टक्के लागतात, म्हणजे ६५ ब्रिक्स. तुम्हाला आवडते ती गोडी आधी मोजून घ्या. समजा तुमच्या हातची उत्तम बॅच ६७ आली, तर भिंतीवर लिहा: ६६ ते ६८ आलं की गाळा, कमी आलं की आणखी ऊन, जास्त आलं की ताईंना विचारा. आकडा वाचायला कोणालाही पाच मिनिटांत येतं.

आंबटपणा ब्रिक्समध्ये कळत नाही, त्यामुळे चाखणं राहणारच. त्यासाठी काजूबोंडू ताईंची बरणी वापरा. प्रत्येक बॅचची एक बाटली तारीख लिहून बाजूला ठेवा, नवी बॅच मंजूर झालेल्या बाटलीशेजारी ठेवून दोघींनी चाखायची. दोघींचं एकमत झालं तर तुम्हाला विचारायचं नाही. तक्रार आली तर तीच ठेवलेली बाटली उघडून बघताही येते.

जुना_बागायतदार

हे असेल तर चव सोडायला माझी हरकत नाही. आकडा आणि दोन जिभा. पण पहिल्या हंगामात शेवटची चव ताईंनीच घ्यावी.

तांबडीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सहा जणींना एकत्र बसवलं आणि काजूबोंडू ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. आधी सगळ्या गप्प, मग एकीने सांगितलं, "ताई, चुकलं तर भरून द्यावं लागेल असं वाटतं." असं मी कधी कोणाकडून भरून घेतलेलं नाही, पण तोंडाने कधी सांगितलंही नव्हतं. काल सांगितलं.

ठरलं ते असं. गाळणीचा निर्णय दोघींकडे, रिफ्रॅक्टोमीटर मागवलाय. पॅकिंग आणि फुटक्या बाटल्या तिसरीकडे, पाचशे रुपयांपर्यंत मला विचारायचं नाही. किरकोळ खर्चाचा डबा चौथीकडे. या चौघींचा पगार एप्रिलपासून वाढणार. नफ्यातल्या वाट्याचं हंगाम संपल्यावर हिशेब बघून ठरवू, तसं त्यांना सांगितलंय. दुकानदार, उधारी आणि परवान्याची कागदपत्रं माझ्याकडे. काका, पहिल्या हंगामात शेवटची चव मी घेणार, तुमचा शब्द राहिला.

एक शंका उरलीय. हेच उपकरण आगळाला चालेल का?

पायरीवरचा

आगळाला नको. त्यात मीठ असतं, आणि हे उपकरण विरघळलेलं सगळंच साखर समजून मोजतं, त्यामुळे आकडा फसवेल. आगळाला मीठ वजन करून घालायचा नियमच ठेवा.

सरबतासाठी दोन गोष्टी त्या दोघींना पहिल्या दिवशीच दाखवा. रोज काम सुरू करण्याआधी डिस्टिल्ड पाण्याचा थेंब ठेवून शून्य जुळवायचा. घेतलेल्या उपकरणाची पट्टी शून्यापासून सुरू होत नसेल तर सोबत आलेल्या पत्रकात जुळवायची पद्धत दिलेली असते. आणि उन्हातून आणलेल्या बरणीचा नमुना लगेच मोजायचा नाही, वाटीत काढून सावलीत निवू द्यायचा. गरम असताना आकडा कमी दिसतो, मग उगाच आणखी एक ऊन दिलं जाईल. मोजून झालं की काच ओल्या मऊ फडक्याने पुसा, कोकमाचा आंबटपणा तिच्यावर राहू देऊ नका.

काजूबोंडू

आणि आकडा वहीत लिहून खाली सही त्यांनाच करू द्या, ताई.